भाऊ, तुम्ही बाबांचं बोलणं पूर्ण होऊ दिलंत

भाऊ,

आमचा एसी दुरुस्त करून दिल्याबद्दल फोनवर आभार मानले होते, पण तुम्ही "अहो ताई, कामच आहे ते आमचं" म्हणून विषय संपवलात आणि पुढच्या घरी निघून गेलात. मला मात्र बरंच सांगायचं राहिलं आहे. ते चार लोकांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून हे पत्र.

तुम्ही आलात तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. नागपुरातलं मानेवाड्याकडचं आमचं घर एकमजली, डोक्यावर थेट स्लॅब. दुपारी चारनंतर भिंतीला हात लावला तर चटका बसतो. बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आल्यापासून ते मागच्या खोलीत पलंगावर असतात. कूस बदलायची तर कुणीतरी लागतं, अंगावरची चादरसुद्धा त्यांना स्वतः बाजूला करता येत नाही. कूलरच्या ओल्या हवेने छातीत कफ धरतो, म्हणून डॉक्टरांनी कूलर बंद करायला सांगितला होता. त्या खोलीतला दीड टनाचा एसी ही आमच्यासाठी चैन नव्हती. आणि नेमका तोच रुसला. आतला पंखा फिरायचा, रिमोटवर २४ दिसायचं, पण बाहेरचं मशीन गप्प. कधी सुरू झालंच तर थोड्या वेळात पुन्हा बंद.

तुमच्या आधी जे आले, त्यांच्याबद्दल आजही राग आहे. एकाने दारातूनच "गॅस संपला" असं जाहीर केलं, गॅस भरला आणि पैसे घेतले. बंद नळ्यांमधला गॅस गळती झाल्याशिवाय कमी होत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. गळती कुठे आहे हे त्याने शोधलं नव्हतं. बाहेरच्या मशीनमधला कॉम्प्रेसर चालतच नसताना गॅस कमी आहे हे त्याला कसं समजलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. दुसरा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आला. पीसीबी, म्हणजे एसी चालवणारं आतलं सर्किट, गेला म्हणाला, काही हजारांचा आकडा सांगितला आणि निघून गेला. संध्याकाळी माझ्या मोबाईलवर मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. तो मेसेज वाचत होते तेव्हा मी बाबांच्या मानेवरचा घाम पुसत होते. पुन्हा तक्रार केली तर फोनवरच्या बाईंनी ऐकवलं, "मॅडम, नागपूरच्या उन्हाळ्यात एसीवर लोड येतोच." आमच्या मशीनवर ५२ अंशांपर्यंत चालेल असं छापलेलं आहे. बाहेर ४५ होतं.

पण पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली. त्या सगळ्यांपैकी एकही जण बाबांशी बोलला नाही. खोलीत यायचे, पलंगाच्या बाजूने शिडी लावायचे आणि बाबांच्या अंगावरून माझ्याशी बोलायचे. "यांना जरा सरकवता येईल का?" एक जण तर त्यांच्या कानाशी ओरडला. बाबांना उत्तम ऐकू येतं. त्यांची फक्त जीभ जड झाली आहे. शब्द यायला वेळ लागतो आणि आला तरी अर्धा येतो. चोवीस तास त्या खोलीत असणारा माणूस तोच. एसी कधी बंद पडतो, कधी चालतो, बंद पडताना कसला आवाज येतो, हे घरात सगळ्यात नीट त्यांनाच ठाऊक होतं. शिवाय बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले, नोकरीची कितीतरी वर्षं मीटर तपासण्यात गेली. त्यांना विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

तुम्ही आलात, चप्पल बाहेर काढलीत, आणि शिडीला हात लावायच्या आधी पलंगाशी येऊन उकिडवे बसलात. "काकाजी, केव्हा केव्हा बंद पडते हे?" असं थेट त्यांना विचारलंत.

बाबा बोलायला लागले. पहिला शब्द निघेना. सवयीने मी मध्ये पडणार होते, तर तुम्ही मला हाताने थांबवलंत. "होऊ द्या काकाजी, मी बसलो आहे." आणि खरंच बसून राहिलात. फोन वाजला तो न बघताच बंद केलात. खोलीत भट्टीसारखं तापलेलं होतं, तुमचा शर्ट पाठीला चिकटला होता, पुढची कामं वाट बघत असणार. तरी नजर बाबांच्या तोंडावरून हलली नाही. बाबा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि मला तो लागत नव्हता. तुम्हाला लागला.

"छप्पन? रामदासपेठवालं छप्पन का, काकाजी?"

बाबांचा चेहरा कसा उजळला ते तुम्ही पाहिलंत. अटॅकनंतर मी तो चेहरा पहिल्यांदाच पाहत होते.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली होती. देशभर बातमी झाली. त्याच दिवशी नागपूर भागातल्या दुसऱ्या काही केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. नागपूरचा तोवरचा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा. नंतर हवामान खात्यानेच सांगितलं की तापमान मोजणारा सेन्सर बिघडला होता. त्या संध्याकाळी बाबा चांगले हिंडते-फिरते होते. बातमी बघून लगेच म्हणाले होते, ऊन एवढं नाही, मोजणारं बिघडलं आहे. पलंगावर पडल्या पडल्या ते आम्हाला हेच सांगत होते की मशीन धड आहे, त्याला खोली किती तापली तेच कळत नाही.

आणि झालंही तेच होतं. एसीच्या आत, जाळीमागे, वायरच्या टोकाला थेंबाएवढा सेन्सर असतो. तो पूर्ण तुटला असता तर मशीनने एरर कोड दाखवला असता. आमचा तुटला नव्हता, भरकटला होता. म्हणून ना कोड, ना लाल दिवा. आमच्या मशीनचा सेन्सर २५ अंशांना १० किलोओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दाखवणारा, उकाडा वाढेल तसा आकडा कमी होणारा. त्या दुपारी खोलीत ३८ अंश होते, म्हणजे साडेपाच-सहा यायला हवे होते. येत होते वीसच्या जवळपास. मशीनच्या हिशेबाने खोलीत दहा अंशांची थंडी होती, मग कॉम्प्रेसर कशाला चालू करेल ते? सगळ्यांनी त्या मशीनवर विश्वास ठेवला आणि खोलीत घामाने भिजलेल्या माणसावर ठेवला नाही, हे अजून माझ्या मनातून जात नाही.

हे आकडे मला पाठ झाले कारण तुम्ही ते मला सांगितले नाहीत, बाबांना दाखवलेत. ते माप दाखवणारा मल्टिमीटर त्यांच्या उशाशी ठेवलात. फ्रिजमधला बर्फ मागून ग्लासात पाणी केलंत, नवा सेन्सर त्यात सोडलात आणि ग्लास त्यांच्या चालत्या हातात दिलात. "वाचा काकाजी, किती झाले?" बाबांनी वाचलं. वीस. सव्वीस. तीस. आकडा बत्तीसच्या पुढे जाऊन थांबला तेव्हा त्यांनी मान हलवली. मीटर पास करताना ऑफिसात असेच मान हलवत असतील. स्पीच थेरपीच्या ताई आकडे म्हणवून घेतात तेव्हा बाबा कंटाळतात, तोंड फिरवतात. त्या दिवशी एकही आकडा चुकला नाही.

दुरुस्तीबद्दल आणखी काय लिहू? काही शे रुपयांचा सेन्सर बदललात, पीसीबीला काहीही झालेलं नव्हतं, बाहेरचं मशीन सुरू झालं. येण्याचे पैसे तुम्ही लावले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणालात, "बिमारी काकाजीनं शोधली, मी काय केलं."

भाऊ, घरात आजारी माणूस असला की बाहेरचं जग कसं आहे ते रोज कळतं. औषधाच्या दुकानातला मुलगा गर्दीतही गोळीच्या वेळा पुन्हा समजावून सांगतो. एक रिक्षावाले काका बाबांचा पाय नीट आत घेईपर्यंत मागच्या गाड्यांचे हॉर्न सहन करतात. त्यांच्यापैकी कुणाचं बिल त्यामुळे वाढत नाही. आणि ज्यांना रीतसर पगार मिळतो, ज्यांच्या शर्टावर कंपनीचं नाव शिवलेलं असतं, त्यांना पलंगावरचा माणूस दिसतच नाही. तुम्ही आयटीआयमध्ये दोन वर्षं एसी-फ्रिजचं काम शिकलात असं सांगितलंत. माणसाशी असं बोलायला तुम्हाला घरी ज्यांनी शिकवलं, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

जुना सेन्सर बाबांनी फेकू दिलेला नाही. कुणी भेटायला आलं की उशीखालून काढून दाखवतात आणि "छप्पन" पासून सगळी गोष्ट सांगायला घेतात. वेळ लागतो, पण आता आम्ही कुणी मध्ये बोलत नाही.

त्यांनी तुमच्यासाठी एक प्रश्नही ठेवला आहे. गच्चीवरच्या युनिटला दुपारभर पश्चिमेचं ऊन लागतं, त्यावर हिरवी नेट बांधली तर चालेल का, आणि हवा कोंडू नये म्हणून किती जागा सोडायची? मी फोनवर विचारते म्हटलं तर नको म्हणाले. त्यांना तुमच्याशीच बोलायचं आहे. तेव्हा एखाद्या रविवारी सकाळी या, तर्री पोहे करते. आणि त्या दिवशीचे येण्याचे पैसे तेव्हा मुकाट्याने घ्या.

तुमची,
मानेवाड्याची ताई