रणगाड्यावरची काळी पूड

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात आपल्या विदेशवार्तांच्या पानावर डिप्लीटेड युरेनियमच्या तोफगोळ्यांविषयी बातमी होती. मथळ्यात त्यांना ‘अण्वस्त्र’ म्हटले होते आणि शेवटच्या ओळीत एका प्रवक्त्याचा ‘आरोग्यास कोणताही धोका नाही’ हा खुलासा होता. मथळा चुकीचा आणि खुलासा अपुरा. या गोळ्याने अणुस्फोट होत नाही. अणुइंधनासाठी युरेनियमचे समृद्धीकरण केल्यावर उरलेला, शिशाहून सुमारे 1.7 पट घन असलेला हा धातू चिलखत भेदण्यासाठी वापरतात. मात्र आदळताच त्याचा काही भाग पेट घेऊन बारीक धूळ उडते, आणि ती पोटात वा फुप्फुसात गेल्यास किरणोत्साराइतकीच, किंबहुना अधिक, चिंता जड धातूमुळे मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेची असते.

1992 पासून नऊ वर्षे मी कुवेतमध्ये नोकरीला होतो. शुक्रवारच्या सुट्टीत आम्ही काही गोमंतकीय वाळवंटातील मोडक्या रणगाड्यांपाशी छायाचित्रे काढायला जात असू. एकाच्या चिलखताला रुपयाच्या नाण्याहून जरा मोठे, वितळल्या काठाचे भोक होते आणि भोवती काळी पूड. ती मी बोटाने पुसून पाहिली होती. 1991 च्या आखाती युद्धात सुमारे 300 टन डिप्लीटेड युरेनियम वापरले गेले, हे मला गावी परतल्यावर कळले. त्या वर्षी वृत्तपत्रांनी सहाशेहून अधिक जळत्या तेलविहिरींवर रकानेच्या रकाने लिहिले, ते योग्यच होते, परंतु धूर छायाचित्रात दिसतो, पूड दिसत नाही.

कोसोवोत 1999 मध्ये नाटोने केलेल्या अशाच गोळ्यांच्या माऱ्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पथकाने माती तपासली. दूरवर पसरलेले प्रदूषण त्यांना आढळले नाही, तरीही माऱ्याच्या जागांवर खुणा करून लोकांना दूर ठेवावे, अशी शिफारस त्यांनी केली. असा निष्कर्ष मथळ्यात बसत नाही, हे मान्य. पण बातमी तीच आहे. व्हिएतनाम युद्धातील ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाची अमेरिकी फवारणी 1971 मध्ये थांबली आणि तेथील बिएन होआ विमानतळावरील, त्यातल्या डायॉक्सिन या विषाने दूषित मातीची सफाई 2019 मध्ये सुरू झाली. खनिजवाहू ट्रक थांबल्यावर डिचोलीच्या धुळीची बातमीही थांबते, हे पाहिलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

म्हणून विनंती एवढीच, की अशा बातमीत गोळे किती व कुठे पडले, मोजणी कोणी आणि किती काळाने केली, हे द्यावे. माझ्या एका सहकाऱ्याने त्या रणगाड्याचा तुकडा आठवण म्हणून म्हापशाला आणला होता. तो आजही त्यांच्या शोकेसमध्ये आहे आणि तपासून घेण्यासाठी कुठे न्यावा, हे मला आजवर एकाही बातमीत वाचायला मिळालेले नाही.

आपला,
एक नियमित वाचक, डिचोली