भाचीच्या प्रश्नाचं उत्तर कुणाच्या कुलपात आहे?

महोदय,

माझ्या धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला. पदरात दोन मुली. त्यांनाही धोका आहे का, हे कळावं म्हणून डॉक्टरांनी जनुक चाचणी सांगितली. रक्त सोलापुरातून बाहेरगावच्या एका खासगी लॅबला गेलं आणि महिन्याने रिपोर्ट आला : बीआरसीए-२ जनुकात (हा बिघडला तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) बदल आहे, पण त्याचा 'अर्थ अनिश्चित'. थोरली भाची कागद हातात धरून दारातच उभी राहिली. "मावशी, म्हणजे मी काय समजायचं?"

असा बदल घातक की निरुपद्रवी, हे तो किती आजारी आणि किती निरोगी माणसांत सापडला यावरून बरंचसं ठरतं. जगातली जनुकीय माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची. आपली मुळात थोडी, त्यातही लॅबची माहिती लॅबपाशीच. हाच बदल उद्या हैदराबादच्या एखाद्या बाईत दुसऱ्या लॅबला सापडला, तरी आमच्या लॅबला ते कळणार कसं?

बहिणीने सही केलेला संमतीचा फॉर्म मी नंतर चष्मा लावून वाचला. सगळा इंग्रजीत. बारीक अक्षरात लिहिलेलं, की ही माहिती कंपनी संशोधनासाठी आणि व्यवसायासाठी वापरू शकेल. सगळ्या लॅबना पाहता येईल अशा सार्वजनिक संग्रहाला देण्याबद्दल अवाक्षर नाही. बहिणीची मातृभाषा तेलुगू, शिक्षण मराठीत, सातवीपर्यंत. तिने कशाला संमती दिली?

मानवी जनुकसंचाचं वाचन चालू होतं तेव्हा, १९९६ मध्ये बर्म्युडाला जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं, की वाचलेला मजकूर २४ तासांत सर्वांना खुला करायचा. याच बीआरसीए जनुकांवर अमेरिकेत मिरियाड कंपनीची पेटंटं होती. निसर्गात आहे तसा डीएनए कुणाच्या पेटंटचा होऊ शकत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. पण पेटंट गेलं तरी रुग्णांच्या चाचण्यांतून जमलेला साठा कंपनीकडेच राहिला. आणि २०२५ मध्ये लोकांच्या जनुक चाचण्या करणारी अमेरिकी कंपनी '२३अँडमी' दिवाळखोरीत गेली, तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहितीही विक्रीला निघाली.

खुली माहिती म्हणजे चव्हाट्यावर मांडलेली नव्हे. 'जीनोम इंडिया' या सरकारी प्रकल्पाने १० हजार भारतीयांची माहिती फरिदाबादच्या सरकारी केंद्रात ठेवली आहे, ती संशोधकांना परवानगी घेऊनच मिळते. नावगाव काढलं तरी जनुकांवरून माणूस ओळखता येऊ शकतो, म्हणून हा पहारा हवाच. सोलापुरी चादरीचं भौगोलिक मानांकन कुणा एका कारखानदाराच्या खिशात नाही, हे आपल्याला पटतं. मग आपल्या रक्तातली माहिती का असावी?

आरोग्य खात्याने संमतीचा फॉर्म मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये सक्तीचा करावा. व्यवसायासाठीच्या वापराला वेगळी सही घ्यावी. रुग्णाची संमती असेल, तर सापडलेला बदल सार्वजनिक संग्रहाला कळवणं लॅबला बंधनकारक करावं. लॅब आम्हाला सांगते, "नवीन माहिती आली की कळवू." भाची ३१ वर्षांची आहे, आणि दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते.

— एक निवृत्त शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर