पहिली मात्रा, दुसरी मात्रा

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. घरात पाळणा हलणार हे वाचून किती आनंद झाला, कसं सांगू! वहिनींना जप. बाळाशी आधी मराठी बोलायचं की मल्याळम, हे तुमचं अजून ठरत नाही, असं लिहिलं आहेस. त्यावर मी काय सांगणार? पण आठवडाभर एकच अल्बम ऐकतोय आणि सारखी तुझी आठवण येते, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

जॉर्ज ड्यूकचा 'अ ब्राझिलियन लव्ह अफेअर'. १९८०च्या आसपासचा. ड्यूक कॅलिफोर्नियाचा, रॉकवाला फ्रँक झापा आणि जॅझ सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्लीबरोबर वाजवलेला कीबोर्डवादक. फंकमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या ठेकेदार नाचसंगीतात, नाव झालेलं असताना तो उठून रिओला गेला. ब्राझील त्याला परकं नव्हतं. १९७३ साली ब्राझीलची गायिका फ्लोरा पुरिम हिच्या अल्बमवर त्याने साथ केली होती. इथे तीही आहे, तिचा नवरा आयर्तो मोरेरा तालवाद्यांवर आहे, गिटारवर टोनिन्यो होर्टा आहे आणि गायला ब्राझीलचाच गायक मिल्टन नासिमेंटो. ड्यूकची अमेरिकेतली माणसंही आहेत, बेसवर बायरन मिलर, ड्रम्सवर रिकी लॉसन.

आता तालाचं ऐक, तुला त्यात खरा रस. फंकचा सगळा जीव पहिल्या मात्रेत. फंकचा मोठा गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांकडून तीच पक्की करून घ्यायचा. बाकी कुठेही भटका, पण समेवर सगळे एकत्र. सांबाचं, म्हणजे ब्राझीलच्या नाचगाण्याचं, उलट आहे. दोन मात्रांचा ताल, आणि सुर्दू नावाचा जो मोठा ढोल असतो, त्याचा पहिल्या मात्रेवरचा ठोका दाबलेला आणि दुसरीवरचा मोकळा, घुमणारा. म्हणजे एकाचं वजन जिथे पडतं, तिथे दुसरा श्वास रोखून उभा! कॉलेजात तू मला टाळी-खाली शिकवलीस, तेव्हा टाळी न देता रिकामी सोडायच्या खालीच्या मात्रेवरच माझा हात नेहमी जोरात पडायचा आणि तू चिडायचास. या अल्बमचं शीर्षकगीत ऐकताना माझं तेच होतं. बेस मला पहिल्या मात्रेवर ओढतो, तालवाद्यं दुसरीवर, आणि दोघांपैकी कुणीही माघार घेत नाही. मला वाटतं, नुसतं वरवर ब्राझील शिंपडलेले कितीतरी अल्बम त्या काळात झाले, पण हा तसा नाही.

ड्यूकचा सिंथसायझरही ऐक. त्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरचं स्वर वाकवणारं चाक फिरवून तो मींड काढतो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जातो. कीबोर्डवर मींड येत नाही म्हणणाऱ्या आपल्या पेटीवाल्यांना ऐकवायला हवं.

पण माझा जीव अडकलाय तो मिल्टनच्या दोन गाण्यांत. तो मिनास जेराइस या डोंगराळ, समुद्र नसलेल्या प्रांतात वाढला. तिथे बेलो होरिझोंटे शहरातल्या एका रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याची मित्रमंडळी जमायची. त्या कट्ट्याच्या नावानेच १९७२ साली त्यांचा अल्बम निघाला, आणि ही दोन्ही गाणी मूळची त्यातलीच. ड्यूकने ती घेतली आणि मिल्टनलाच गायला लावली, त्याच्याच पोर्तुगीजमध्ये. इंग्रजी करून घेतली असती तर अमेरिकेत जास्त खपली असती कदाचित, पण त्याने ते केलं नाही, याबद्दल मला त्याचे फार आभार मानावेसे वाटतात. २०१३ साली ड्यूक गेला.

पहिलं गाणं 'क्राव्हो ई कानेला', म्हणजे लवंग आणि दालचिनी. ज्या मसाल्यांसाठी पोर्तुगीज वहिनींच्या केरळपर्यंत आले, त्यांचीच ही नावं. दुसरं 'आओ के व्हाय नासेर'. अर्थ साधारण असा, 'जे जन्माला येणार आहे त्याला'. मिल्टनचा आवाज वर चढत जातो तेव्हा पोटात कालवतं. तुझं पत्र मी हे गाणं चालू असतानाच उघडलं, खरंच.

रात्री वहिनी झोपल्या की हेडफोन लावून ऐक, किंवा नको, दोघं मिळूनच ऐका, हळू आवाजात. लवंग-दालचिनीपासून सुरुवात कर. मांडीवर हात ठेव, ताल धर, आणि तुझा हात कुठल्या मात्रेवर पडतो ते मला कळव. वहिनींचाही.

तुझाच,
खालीवर टाळी देणारा