कोवळ्या उन्हाचा सल्ला अर्धवट आहे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आरोग्य पुरवणीत हिवाळा आणि व्हिटॅमिन डी यावर लेख आला होता. विषय घेतलात ते फार चांगलं केलंत, पण त्यातलं एक वाक्य वाचून मी पेपर खाली ठेवला आणि त्याच संध्याकाळी लिहायला बसले. वाक्य असं, की थंडीत रोज सकाळी अर्धा तास कोवळ्या उन्हात बसलं की डी व्हिटॅमिनची गरज भागते. हेच वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं आणि त्यावर विसंबून माझ्या आईने दोन हिवाळे काढले.

आई ७१ वर्षांची. रोज सकाळी साडेसात ते साडेआठ गॅलरीत खुर्ची टाकून बसायची, अंगावर शाल, पायात मोजे, डोक्याला स्कार्फ, आणि वारा लागतो म्हणून सरकती काच बंद. ऊन छान अंगावर यायचं, तिला बरं वाटायचं, आम्हालाही वाटायचं की चला, आई ऊन घेतेय. पहिल्या हिवाळ्यात ती म्हणायला लागली की मांड्या भरून येतात. मग खुर्चीतून उठताना दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबायचे, एक-दोनदा पुढेमागे व्हायचं आणि मग उठायचं असं सुरू झालं. दुसऱ्या हिवाळ्यात वेणी घालताना हात वर राहीनात, अर्ध्या वेणीत खाली घ्यायची, थोडं थांबायची, परत वर. आणि आम्ही काय म्हणत होतो तर थंडीचं आहे, वयाचं आहे, हवा बदलली की जाईल.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नडगीच्या हाडावर अंगठ्याने नुसतं दाबलं तर ती कळवळली. रक्ताची तपासणी सांगितली, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे रक्तातला डी चा साठा मोजायची, रिपोर्ट आला ८. म्हणजे एका मिलिलिटरला ८ नॅनोग्रॅम. २० च्या खाली कमी धरतात आणि १२ च्या खाली गेलं की हाडं मऊ पडायचा धोका असतो. मी म्हटलं, डॉक्टर, ती रोज तासभर उन्हात बसते हो. त्यांनी एकच विचारलं, काच उघडी असते की बंद?

साधी गोष्ट आहे आणि मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हती. आपली कातडी डी व्हिटॅमिन बनवते ते उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट बी किरणांवर, आणि खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. ऊब आत येते, उजेड आत येतो, कामाचे किरण बाहेरच राहतात. दुसरं म्हणजे सूर्य खाली असतो तेव्हा हे किरण हवेच्या फार जाड थरातून तिरके येतात आणि ओझोनमध्येच शोषले जातात, म्हणून सकाळचं कोवळं ऊन काच उघडी ठेवली तरी या बाबतीत फार कमी देतं, आणि थंडीत तर सूर्य आधीच कललेला असतो त्यामुळे आणखी कमी. एक ढोबळ खूण आहे, उन्हात उभं राहून आपली सावली बघायची, ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर कातडी चांगलं काम करतेय, लांब असेल तर फारसं नाही. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी आठला आईच्या खुर्चीशेजारी उभी राहिले, माझी सावली गॅलरी ओलांडून आतल्या भिंतीवर चढली होती.

आणि हेही सगळीकडे सारखं नाही. विषुववृत्ताच्या जवळ हिवाळ्यातही भर दुपारी काही ना काही मिळतं, पण ३५ अंश अक्षांशाच्या पलीकडे जसं जावं तसे थंडीचे महिने कोरडेच जातात. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि कॅनडातल्या एडमंटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च कातडीत हे व्हिटॅमिन जवळजवळ तयारच होत नाही असं दिसलं होतं. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांची मुलं, नातवंडं अशा थंड देशांत आहेत, ती तिथे भर दुपारी उन्हात उभी राहिली तरी उपयोग नाही. म्हणूनच ब्रिटनमध्ये सरकारच शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांना रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा विचार करा म्हणून सांगतं.

लेखात आणखी एक राहिलंय, ते म्हणजे हा त्रास नेमका कधी बाहेर येतो. रक्तातला डी चा साठा दोन-तीन आठवड्यांत अर्धा होतो, चरबीत साठलेलं थोडं थोडं सुटत राहतं म्हणून लगेच कळत नाही, आणि सगळ्यात खालचा आकडा येतो तो हिवाळा संपता संपता. तोवर लोक सुटकेचा श्वास टाकत असतात की थंडी सरली. ज्यांची कातडी सावळी आहे त्यांना गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ ऊन लागतं कारण मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, तेच किरण अडवतं, सत्तरीतली कातडी विशीतल्या कातडीपेक्षा बरंच कमी बनवते, आणि जे अंगभर झाकून असतात किंवा दिवसभर आत असतात त्यांचं तर विचारायलाच नको. खाण्यातून मिळतं पण थोडं, तेलकट मासे, अंड्यातला पिवळा बलक, डी घातलेलं दूध, बस.

आणि हे काही आज लागलेलं ज्ञान नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस (हाडं मऊ पडून वाकतात तो आजार) झालेल्या लहान मुलांना अल्ट्राव्हायोलेट किरण देणाऱ्या पाऱ्याच्या दिव्याखाली ठेवून बरं केलं, एकाच हातावर उजेड टाकला तरी दुसऱ्या हाताची हाडंही भरून आली, म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून अंगभर जातं हे तेव्हाच दिसलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नामध्ये हॅरिएट चिक या ब्रिटिश संशोधक बाईंनी पाहिलं की बाळांना मुडदूस होतो तो हिवाळ्यात, आणि कॉड माशाचं तेल किंवा ऊन मिळालं की बरा होतो. शंभर वर्षं होऊन गेली या सगळ्याला. आणि तरी आम्ही बंद काचेमागे बसलो होतो.

आता दुसऱ्या बाजूचंही लिहायला हवं, कारण माझं पत्र वाचून कोणी धावत जाऊन डोस घेऊ नये. आमच्या नात्यातल्या एका काकांना आठवड्यातून एकदा घ्यायची डी व्हिटॅमिनची पुडी दिली होती, कोणीतरी नीट सांगितलं नाही की त्यांनी नीट ऐकलं नाही, ते रोज एक घेत राहिले, महिनाभराहून जास्त. सतत तहान, सारखी लघवी, उलट्या, बद्धकोष्ठ आणि मग बोलण्यात गोंधळ, रक्तातलं कॅल्शियम इतकं चढलं की भरती करावं लागलं, किडनीला त्रास झाला तो वेगळाच. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये सत्तरीपर्यंत रोज ६०० युनिट, त्यापुढे ८०० आणि मोठ्यांसाठी कमाल ४००० असं सांगितलंय, त्याच्या वरचं काहीही डॉक्टरच्या देखरेखीत. एकदाच मोठा डोस घेऊन वर्ष काढू असंही नाही, ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २२५६ बायकांवर असा प्रयोग झाला, काहींना वर्षातून एकदा थंडीच्या तोंडाशी ५ लाख युनिट, काहींना नुसती बिनऔषधाची गोळी, आणि डोस घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली. २०१० मध्ये ते छापून आलं.

लेखात थंडीतली उदासी, सर्दी, हार्ट सगळं डी च्या माथी मारलंय तेही मला पटलं नाही. अमेरिकेत जवळजवळ २६ हजार लोकांना घेऊन मोठी चाचणी झाली, निम्म्यांना रोज २००० युनिट, पाचेक वर्षं, तर कॅन्सर होण्याचं किंवा हार्टच्या आजाराचं प्रमाण काही कमी झालं नाही. उदासीचंही तसंच, त्यासाठी जे उजेडाचे दिवे वापरतात त्यातले अल्ट्राव्हायोलेट किरण मुद्दाम गाळलेले असतात, तिथे काम करतो तो डोळ्यात जाणारा उजेड. डी ची खरी कामं हाडं आणि स्नायू, आणि ज्याला खरोखर कमतरता आहे त्याला ते दिल्याने फरक पडतो. आईला पडला. ठरवून दिलेला कोर्स झाला, मग रोजची छोटी गोळी जेवणाबरोबर, आता ती साडेबाराला काच पूर्ण सरकवून, बाह्या वर करून, मोजे काढून थोडा वेळ बसते, कातडी लाल होईपर्यंत नाही. तीन महिन्यांनी एके दिवशी बघते तर वेणी एका दमात घालून झाली होती.

तर माझी विनंती एवढीच, की त्या लेखाची दुरुस्ती छापा, त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आणि काच, सावली, पुडी या तीन गोष्टी त्यात असू द्या. ज्येष्ठ मंडळी आपली पुरवणी कापून ठेवतात, आईच्या डब्यात तुमचीच कात्रणं आहेत. थंडी अजून महिनाभर तरी आहे, कृपया पुढच्याच अंकात छापा.

आपली नियमित वाचक