नाना, त्या प्रश्नचिन्हासाठी

जळगाव

आदरणीय नाना,

सा. न. वि. वि.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, शालही परत पाठवलीत. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे चार लोकांना कळायला हवं, आणि ते नुसतं "कॉम्प्युटर दुरुस्त करून दिला" एवढ्यात सांगून होत नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. माझे वडील गणिताचे मास्तर. १९८४-८५ साली केंद्र सरकारनं 'क्लास' नावाची योजना काढली आणि देशातल्या काही शाळांमध्ये बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर आले. इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचं हे यंत्र, १९८१ सालचं. त्यात ६५०२ प्रोसेसर आणि सगळी मिळून ३२ केबी मेमरी. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकाच खोक्यात, पडदा म्हणून टीव्ही. वडिलांच्या शाळेतला असा एक कॉम्प्युटर पुढे भंगारात निघाला तेव्हा त्यांनी तो लिलावात घेतला. फ्लॉपी ड्राइव्ह त्यांनी मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून आणली. आई म्हणायची, एवढ्या पैशात म्हैस आली असती. वडील काही बोलायचे नाहीत. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की त्याच्यापुढे बसायचे.

ते काय करायचे हे मला खूप उशिरा समजलं. साक्री तालुक्यातून येणारी पोरं घरी अहिराणी बोलायची आणि शाळेत मराठीच्या तासाला गप्प बसायची. त्या पोरांसाठी वडिलांनी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर अहिराणी शब्द यायचा, पोरानं मराठी शब्द टाइप करायचा. 'आंडोर' आला की 'मुलगा', 'अंडेर' आला की 'मुलगी'. यंत्रात देवनागरी नव्हती म्हणून सगळं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. नोकरी संपली, पोरं पांगली, तरी ते शब्द घालतच राहिले. बाजारात, लग्नात, कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, रोटांच्या पंगतीत शब्द कानावर पडला की बसच्या तिकिटामागे लिहायचे आणि घरी येऊन डेटाच्या ओळीत टाकायचे. तिकिटं फेकून द्यायचे. कॉम्प्युटरमध्ये गेलं म्हणजे कायमचं राहिलं, असं त्यांना वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. वर्षश्राद्धाच्या आधी मी यंत्र सुरू केलं, फ्लॉपी घातली. पडद्यावर दोनच शब्द आले: 'बॅड प्रोग्राम'. एका दुकानात फ्लॉपी दाखवली, तर तिथला मुलगा म्हणाला, फॉर्मॅट करून बघू का? मी ती त्याच्या हातातून अक्षरशः काढून घेतली. तिथेच उभ्या असलेल्या एका रेल्वेवाल्या गृहस्थांनी तुमचं नाव सांगितलं. सिग्नल अँड टेलिकॉममधून रिटायर झालेत, भुसावळला असतात, जुनं काही टाकत नाहीत.

नाना, मी तुमच्या दारात आलो ती मे महिन्यातली दुपार होती. भुसावळचा मे. तुम्ही पाणी दिलंत, गूळ दिलात, आणि पहिलं काम काय केलंत, तर फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावलीत. "आता हिच्यावर कोणाला काही लिहिता येणार नाही. मलाही नाही," म्हणालात. यंत्राला वीजसुद्धा लावू दिली नाहीत. आधी पॉवर सप्लाय उघडून त्यातले तडे गेलेले फिल्टरचे कपॅसिटर काढलेत, कारण या वयात ते फुटतात आणि खोलीभर धूर करतात. मी घरी तसंच बटण दाबलं होतं हे ऐकून तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. रागावला नाहीत.

मग तुमच्या पत्र्याच्या डब्यातून ती चिप निघाली. 'डिस्क डॉक्टर', कॉम्प्युटर कन्सेप्ट्स कंपनीचा रॉम, म्हणजे आत तयार प्रोग्राम असलेली चिप. बीबीसीच्या आत अशा चिपांसाठी जास्तीची सॉकेटं असतात, त्यातल्या एकात ती बसवलीत. तिच्यातल्या दोन आज्ञा मी आता जन्मात विसरणार नाही. 'स्टार डीझॅप' म्हटलं की फ्लॉपीचा एकेक सेक्टर, म्हणजे एकेक कप्पा, उघडा होतो, २५६ बाइट (एक बाइट म्हणजे साधारण एका अक्षराची जागा), एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला त्यांची अक्षरं. 'स्टार एमझॅप' म्हटलं की तसाच मेमरीचा तुकडा दिसतो. आणि दोन्हीकडे कर्सर नेऊन हवा तो बाइट बदलता येतो. तुम्ही म्हणालात, "हे पोट फाडून बघण्यासारखं आहे. बघायला हरकत नाही. हात मात्र शेवटी लावायचा." मूळ फ्लॉपीची नक्कल काढलीत आणि सगळं काम त्या नकलेवर केलंत.

फाइलचा पहिला सेक्टर उघडला आणि वडील समोर आले. तुम्हाला तेव्हा बोललो नाही, पण मला तसंच वाटलं. कॅपिटल अक्षरांत आंडोर, स्वल्पविराम, मुलगा. पुढे अंडेर, स्वल्पविराम, मुलगी. ओळीच्या नंबरानंतर त्यांनी जागा सोडली नव्हती. जागा वाचवायची त्यांची सवय, शाळेच्या फळ्यावरही ते असंच दाटीनं लिहायचे. तुम्ही ओळखलंत, थोडा वेळ काही न बोलता थांबलात, आणि मग अहिराणीत म्हणालात, "बठ्ठं आठेच शे." सगळं इथेच आहे. तुम्ही अमळनेरकडचे, हे मला तेव्हा कळलं.

दहा सेक्टर स्वच्छ निघाले. अकरावा उघडला आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागात सगळं विचित्र. मोकळ्या जागी पाउंडाचं चिन्ह. स्वल्पविरामाच्या जागी छोटा 'एल'. बठ्ठा आणि सगळा हे दोन शब्द मधल्या 'एल'नं चिकटलेले. खालचा अर्धा भाग पुन्हा स्वच्छ, आणि तिथून फाइलच्या शेवटापर्यंत कुठे ओरखडा नाही. मला वाटलं फ्लॉपीला बुरशी लागली. तुम्ही मान हलवलीत. फ्लॉपी खराब असती तर ड्राइव्हनं तो सेक्टर वाचताना चूक दाखवली असती, कारण प्रत्येक सेक्टरासोबत पडताळणीचा आकडा लिहिलेला असतो. इथे ती तक्रार नव्हती. म्हणजे फ्लॉपीनं तिला जे दिलं ते इमानानं जपलं होतं. चुकीचं लिहिलं गेलं ते आधीच, मेमरीतून.

मग तुम्ही वही काढलीत आणि मला बेरीज करायला लावलीत. स्वल्पविरामाचा आकडा ४४, छोट्या 'एल'चा १०८. फरक ६४. मोकळ्या जागेचा ३२, त्या पाउंडाचा ९६. फरक ६४. ओळ जिथून सुरू होते तिथे १३ हवा, तिथे ७७, म्हणजे मोठा 'एम'. पुन्हा ६४. कॅपिटल अक्षरं मात्र सगळी शाबूत, कारण त्यांचे आकडे ६५ ते ९०. ६४ त्यांच्यात आधीपासूनच आहे, वरून कोणी भरलं तरी फरक पडत नाही. म्हणजे बाइटातल्या आठ बिटांपैकी (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) एकच बिट १ वर अडकला होता, आणि तोही फक्त १२८ बाइटांपुरता.

"१२८ गुणिले १२८ किती?" तुम्ही विचारलंत. मास्तरांचा मुलगा असून मला कागद लागला. १६,३८४. तेवढे बिट एका चिपमध्ये, १२८ रांगा आणि प्रत्येक रांगेत १२८. बीबीसीत अशा १६ चिपा, आठ-आठच्या दोन फळ्या, प्रत्येक चिप बाइटातला एकच बिट सांभाळते. प्रोग्राम मेमरीत हेक्स १९०० पासून बसतो (हेक्स म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणं), दहा सेक्टर पुढे गेलं की हेक्स २३०० येतं, म्हणजे खालची फळी. सोळांतली नेमकी कोणती चिप, हे तुम्ही एकाही मेमरी चिपला हात न लावता, वहीच्या एका पानावर काढलंत.

तरी तुम्ही त्यावर विश्वास ठेवला नाहीत, हे मला सगळ्यांत जास्त भावलं. एमझॅपनं हेक्स २३०० पासून सगळीकडे शून्य भरलीत आणि म्हणालात, आता चहा घेऊ. यंत्र चालूच. पंखा बंद ठेवलात, यंत्र तापायला हवं म्हणून. आपण दोघे घामानं भिजलो होतो. अर्ध्या तासानं पडदा पुन्हा पाहिला, आणि एका शून्याच्या जागी ४० आलेलं. मग शेजारी दुसरं. बघता बघता ओळच्या ओळ ४०, ४०, ४०. हेक्समधलं ४० म्हणजे आपलं ६४. वडिलांच्या शेवटच्या बसण्यात हेच झालं असणार. ते दोन-तीन तास टाइप करत राहिले, यंत्र तापलं, आणि त्यांनी फाइल सेव्ह केली.

चिप बदलायला तुम्हाला दोन आठवडे लागले. जुनी काढताना बोर्डावरची एकही तांब्याची रेघ उचलली गेली नाही. तिथे आता सॉकेट आहे.

दुरुस्तीच्या दिवशी मी घाई करत होतो. त्या अर्ध्या सेक्टरातून सरसकट ६४ वजा करा, असं माझं म्हणणं. तुम्ही नाही म्हणालात. एखादा 'एम' खरोखरच 'एम' असू शकतो, मामा शब्दातला. तो १३ केला तर शब्द तुटेल. मग बेसिक आपली ओळ कशी ठेवतं ते समजावलंत: आधी १३, मग ओळीच्या नंबराचे दोन बाइट, मग ओळीची एकूण लांबी, मग मजकूर. त्या लांबीवरूनच यंत्र पुढच्या ओळीवर उडी मारतं. बठ्ठाच्या ओळीची लांबी १८, ती झाली होती ८२. यंत्र भलतीकडेच उडी मारायचं, तिथे १३ सापडायचा नाही, आणि ते 'बॅड प्रोग्राम' म्हणून बसायचं. एका अर्ध्या सेक्टरापायी पुढचे सहाशेवर शब्द अडकले होते.

तुम्ही बोट ठेवून प्रत्येक ओळ मोजलीत. सात ओळी, प्रत्येकी पाच जागा. लांबी जुळली की मगच बाइट बदलायचा, आणि बदलला की वहीत जुना-नवा आकडा लिहायचा. ती वही तुम्ही मला दिलीत, ती मी देवघरात ठेवली आहे.

पस्तीस जागा झाल्या आणि मला वाटलं संपलं. पण तुम्ही एका ओळीशी थांबलात. 'रामपारे', त्यापुढे 'पहाट', आणि त्यानंतर हेक्स ७एफ. अक्षरांच्या बाजूला तिथे नुसता ठिपका दिसत होता. मी म्हणालो, कचरा असेल, काढून टाका, लांबी एकनं कमी करा. पुढच्या ओळी नीट लागत होत्या, कोणाला कळलंही नसतं. तुम्ही वही पुढे ओढलीत. ७एफ म्हणजे १२७. वजा ६४, ६३. तक्त्यात ६३ समोर प्रश्नचिन्ह.

वडिलांनी 'पहाट' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. त्यांना खात्री नव्हती.

"त्यांची शंकाबी त्यांचीच शे," तुम्ही म्हणालात, आणि ते जागेवर ठेवलंत. मग ओल्ड, मग लिस्ट या आज्ञा दिल्यात, आणि पडद्यावर ओळी धावायला लागल्या, एकामागून एक, आठशेच्या आसपास. तुम्ही मधेच एका शब्दाला हसलात, "माझी माय असंच म्हणायची," म्हणालात, आणि चश्मा पुसायला आत गेलात.

नाना, वडिलांनी मला कधी "मला माहीत नाही" म्हटल्याचं आठवत नाही. मास्तर माणूस, घरातही मास्तरच. एका बाइटातून मला त्यांचं ते बोलणं पहिल्यांदा ऐकू आलं, आणि ते तुमच्यामुळे. माझ्या हातून ते पुसलं गेलं असतं. तुम्ही अंदाजानं एकही बाइट बदलला नाहीत, सोपं होतं तिथेसुद्धा नाही. या उपकाराला मी काय नाव देऊ?

मागच्या रविवारी साक्रीला आत्याकडे जाऊन आलो. विचारलं, आत्या, रामपारे म्हणजे पहाट ना? ती कळण्याची भाकरी थापत होती. म्हणाली, तुझा बाप पण हेच विचारायचा. पहाट म्हणजे अंधार असतो तेव्हाची रे. रामपारे म्हणजे उजाडायला लागतं, सासू उठायच्या आत सुनेचं दळण झालेलं असायचं, ती वेळ.

घरी येऊन यंत्र लावलं. शेवटच्या ओळीच्या नंबरात दहा मिळवून आत्याचं म्हणणं नव्या ओळीत लिहिलं, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, नंबरानंतर जागा न सोडता. दोन फ्लॉप्यांवर सेव्ह केलं. वडिलांच्या ओळीतलं प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं आहे.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. तुम्ही काकूंना घेऊन या. शाल घेतली नाहीत, पण रोटांचा प्रसाद काही परत पाठवता यायचा नाही.

तुमचा,
मास्तरांचा पोरगा