फोटो बापाचा, मुंबई दिली पोराने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचं मुंडकं कसं उडवलं त्यावर अर्धं पान लेख होता आणि खाली चौकटीत 'मुंबई आंदण देणारा राजा' म्हणून त्याच चार्ल्सचा फोटो. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, ऐंशी पार, उभी हयात गिरणीत साच्यावर गेलेली, पेपर टेंडर नोटिशींसकट वाचतात. त्यांनी खाली बाकड्यावर मला अडवलं आणि म्हणाले, "काय रे, ह्याचं डोकं 1649 ला उडवलं ना, मग 1661 ला मुंबई दिली कोणी, धडाने सही केली काय?"

तर पहिली गोष्ट ही की फोटो चुकलाय. मुंबई आली ती ह्याच्या पोराकडे, दुसऱ्या चार्ल्सकडे, पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरलं त्या 1661 च्या तहात, आणि त्याने ती 1668 ला ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला 10 पौंड भाड्याने. आख्खं बेट! पागडीवाल्या भाडेकरूला पण लाजायला होईल असं भाडं.

पण पत्र लिहायचं खरं कारण फोटो नाही. लेखात कुऱ्हाड होती, थंडीने कापलो तर लोक घाबरला म्हणतील म्हणून राजाने घातलेले दोन शर्ट होते, सगळं होतं, फक्त भांडण कशावरून लागलं ते दोन ओळींत उरकलं, 'धर्म आणि सत्ता' म्हणून. धर्म होताच, नाही कोण म्हणतो, पण सगळं पेटलं ते पट्टीवरून. घरपट्टी, पाणीपट्टी असते ना, तशी जहाजपट्टी.

झालं असं की 1629 ला राजाने पार्लमेंट बरखास्त केलं आणि पुढची 11 वर्षं बोलावलंच नाही, आणि पार्लमेंट नाही म्हणजे नवा कर लावता येत नाही, मग पैसा आणायचा कुठून, तर जुनी दप्तरं उकरून उकरून ही जहाजपट्टी काढली. युद्धाच्या वेळी किनाऱ्यावरच्या गावांनी राजाला जहाजं द्यायची, नाहीतर पैसे, अशी जुनी पद्धत होती. ह्याने युद्ध नसताना ती लावली आणि 1635 पासून तर आख्ख्या देशाला लावली, ज्या गावांनी समुद्र आयुष्यात बघितला नाही त्यांना पण. जॉन हॅम्पडेन नावाचा एक जमीनदार होता, चांगला गडगंज, त्याच्या वाट्याला एका जमिनीपोटी आले 20 शिलिंग. गडी म्हणाला देणार नाही, आणि कोर्टात गेला. 12 जज बसले, 7 राजाच्या बाजूने, 5 विरुद्ध. म्हणजे राजा जिंकला, पण आपल्या जजांपैकी 5 जण असं म्हणतात हे एकदा गावोगाव कळल्यावर लोकांनी पट्टी भरायचंच हळूहळू सोडलं.

हे मला एवढं कळतं कारण आमच्याकडे सेम झालं. आमची परळची सोसायटी, चार विंग. ए विंगच्या गच्चीवरची टाकी गळायला लागली, पूर्वी कोणाची टाकी तर त्यांची वर्गणी असं होतं, पण तेव्हाच्या सेक्रेटरीने लिफ्टशेजारच्या बोर्डावर कागद लावला की सगळ्या विंगनी महिन्याला 500 भरायचे. जनरल बॉडी तीन वर्षं बोलावलेली नव्हती. काका डी विंगमधे. त्यांनी त्या कागदावर पेनने लिहिलं, 'कोणाच्या ठरावाने?' आणि खाली सही, फ्लॅट नंबरसकट. पैशाला काका कमी नाहीत, मुलगा दुबईला आहे. पण 500 नाही म्हणजे नाही.

असो. राजाचं पुढे स्कॉटलंडशी वाजलं, तिथल्या चर्चवर त्याने आपलं प्रार्थनेचं पुस्तक लादलं म्हणून, आणि लढाईला पैसा लागतो म्हणून 1640 ला झक मारत पार्लमेंट बोलवावं लागलं, तीन आठवड्यांत बरखास्त केलं, मग त्याच वर्षी परत बोलावलं. मग 4 जानेवारी 1642. राजा स्वतः हत्यारबंद माणसं घेऊन पार्लमेंटमधे शिरला, पाच मेंबरना पकडायला, त्यात हॅम्पडेन होताच. सरळ स्पीकरच्या खुर्चीत जाऊन बसला आणि कुठायत ते पाच म्हणून विचारलं. स्पीकर लेंथॉल, तसा काही वाघ वगैरे नव्हता, बिचारा गुडघ्यावर बसला आणि म्हणाला की महाराज, ह्या जागी मला सभागृह सांगेल तेवढेच डोळे आणि तेवढीच जीभ आहे. पाचही जण आधीच होडीतून सटकले होते. राजा हात हलवत परत. त्यानंतर आजपर्यंत इंग्लंडचा कुठलाच राजा किंवा राणी त्या सभागृहात पाऊल टाकत नाही.

इथपर्यंत तुमचा लेख आणि मी एकत्र आहोत. माझा आक्षेप पुढचाय. लेखात राजा हरला, लोक जिंकले असा सूर आहे, मग 6 डिसेंबर 1648 ला काय झालं ते लेखात का नाही? मधल्या काळात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध झालं होतं, आणि पार्लमेंटचंच सैन्य, ज्यांनी नेझबीच्या लढाईत राजाला धूळ चारली तेच, त्यांचा कर्नल प्राईड हातात यादी घेऊन पार्लमेंटच्या दारात उभा राहिला, आणि जे मेंबर राजाशी अजून तडजोड करू बघत होते त्यांना आत सोडलंच नाही, चाळीसेक जणांना तर उचलून डांबलं. राजाला पाच जण सापडले नव्हते. उरले त्यांनी राजावर खटला भरला. खटल्याचा अध्यक्ष ब्रॅडशॉ जिवाच्या भीतीने हॅटला आतून पोलादी पत्रा लावून बसायचा, आणि राजा, जो स्वतः 11 वर्षं कोणाला विचारत नव्हता, तो समोर उभा राहून विचारतो, मला इथे आणलंत ते कोणत्या अधिकाराने? वाचून मी चक्क थांबलो, हा तर काकांचा प्रश्न! उत्तर कोणाकडेच धड नव्हतं. 59 जणांनी सह्या केल्या आणि 30 जानेवारीला काम संपवलं. (इकडे तेव्हा शिवाजी महाराजांना एकोणिसावं चालू होतं आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या कैदेत. काळ एकच, हे शाळेत कोणी जोडून शिकवलं नाही.)

आणि पट्टीचं काय झालं? पार्लमेंटला पण लढाईला पैसा लागतच होता. 1643 ला त्यांनी एक्साइज आणली, बियरवर, मग पुढच्या वर्षी मटण आणि मिठावर सुद्धा, शिवाय दर महिन्याची वसुली वेगळी. ज्या जहाजपट्टीवरून एवढं रामायण झालं ती ह्यापुढे किरकोळ वाटावी. हॅम्पडेनला हे फार बघावं लागलं नाही, तो 1643 मधेच लढाईत जखमी होऊन गेला. शेवटी 1653 ला त्याच सैन्याच्या सेनापतीने, क्रॉमवेलने, उरलंसुरलं पार्लमेंट पण सैनिक आणून हाकललं आणि टेबलावरचा राजदंड बघून म्हणाला, हे खुळखुळं उचला इथून. आपल्याकडे विधानसभेत आमदार राजदंड पळवतात तेव्हा मला दरवेळी हेच आठवतं, फक्त आपल्याकडे तो थोड्या वेळाने परत जागेवर येतो.

आमच्या सोसायटीत पण सत्तापालट झाला. सह्यांची मोहीम काढून जुनी कमिटी घालवली, त्यात मी पण होतो, खोटं कशाला बोलू. नव्या कमिटीने पहिल्याच मीटिंगला टाकी, रंगकाम आणि सीसीटीव्ही मिळून महिना 1200 केला. ठराव रीतसर झाला, कोरम मोजला, मिनिट्स लिहिले, मी हात वर केला. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली म्हणजे 500 जास्त होते म्हणून भांडलात आणि आता 1200 भरताय? मी म्हटलं अगं प्रश्न आकड्याचा नव्हता. ती म्हणाली मग चेक तुम्हीच लिहा.

काका 1200 पहिल्या तारखेला भरतात, पावती घेतात. जुने 500 मात्र अजून थकबाकीत दिसतात, नव्या कमिटीने पण ते खोडलेले नाहीत, काकांनी पण भरलेले नाहीत, आणि दर बिलावर ते पेनने तोच प्रश्न लिहून ऑफिसच्या पेटीत टाकतात.

तेवढी फोटोची दुरुस्ती येत्या रविवारी छापा. काका वाट बघतायत, मला रोज विचारतात.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई