पॅडच्या रंगांचा तक्ता परत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गाडीचं पॉलिश घरच्या घरी कसं करायचं यावर जो लेख आला होता तो आमच्या डिटेलिंगच्या, म्हणजे गाड्या बारकाईनं साफ-पॉलिश करायच्या, लाईनमधल्या बऱ्याच जणांनी वाचला, फॉरवर्ड पण झाला, दसरा-दिवाळीच्या तोंडावर असं काही छापून आलं की गिऱ्हाईक मोबाईलवर त्याचा फोटो घेऊनच दारात उभं राहतं. लेख तसा वाईट नव्हता, गाडी धुण्याचा आणि क्ले बारचा (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) भाग तर बरोबरच होता. पण खाली तो पॅडचा (पॉलिशच्या मशीनला लावायची गोल गादी) तक्ता दिलाय ना, हिरवा पॅड कटिंगला म्हणजे जोरात घासायला, पिवळा पॉलिशिंगला, निळा फिनिशिंगला म्हणजे शेवटच्या चकाकीला, तो वाचून कोणीतरी ऑनलाईन निळा पॅड मागवेल आणि बोनेटची वाट लावून बसेल, म्हणून हे पत्र.

पॅडच्या रंगाला कसलंही स्टँडर्ड नाहीये, ज्या त्या कंपनीचा आपापला हिशोब. तुमचा तक्ता थ्रीएमला लागू पडतो, तिथे निळा म्हणजे सगळ्यात बारीक, अगदी शेवटी फिरवायचा. तोच निळा इटलीच्या रुपेसकडे सगळ्यात कडक कटिंगचा! पिवळ्याचं पण तेच, मेग्वायर्सचा पिवळा पॉलिशिंगचा, लेक कंट्रीचा पिवळा हेवी कटिंगचा आणि रुपेसचा पिवळा फाईन. आणि बाजारात ते बिनकंपनीचे पाच रंगांचे सेट मिळतात त्यात तर कित्येकदा फोम एकच असतो, रंग तेवढा वेगळा. त्यामुळे रंग विसरा, पॅकिंगवर कट, पॉलिश का फिनिश काय लिहिलंय ते वाचा आणि पॅड हातात घेऊन अंगठ्यानी दाबा. कटिंगचा फोम दाबायला जोर लागतो आणि अंगठा काढला की लगेच वर येतो, फिनिशिंगचा मऊ असतो, अंगठा आत जातो. एकाच कंपनीचे दोन-तीन पॅड शेजारी ठेवून दाबले की कोणालाही कळतं, त्याला डिटेलिंगचा कोर्स लागत नाही.

आता एवढा घोळ कशाला घालतोय असं वाटेल, तर क्लिअर कोटची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराची, जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असते. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसापेक्षा पातळ थर आणि उन्हातल्या यूव्हीपासून खालचा रंग वाचवायचं सगळं काम त्याच्यावर. स्वर्ल म्हणजे उन्हात दिसते ती गोल गोल जाळी, ती काढायची म्हणजे हाच थर घासून कमी करायचा, दुसरी काही जादू नाही, आणि गेलेला थर परत येत नाही. (ती जाळी बहुतेक वेळा सोसायटीत रोज सकाळी धुळीवर तेच फडकं मारून झालेली असते, पण तो विषय काढला तर पत्र संपायचं नाही.) रंगाची जाडी मोजायचा गेज विकणारे पण एक सांगत नाहीत, साधा गेज सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतो, क्लिअर किती उरलाय ते नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर तो चालतच नाही.

म्हणून आमच्यात पद्धत अशी की आधी दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा घ्यायचा, मऊ पॅड आणि बारीक पॉलिशनी सुरुवात करायची, जाळी गेली तर तिथेच थांबायचं, नाही गेली तरच एक पायरी कडक पॅड. बरेच लोक उलटं करतात, वूल म्हणजे लोकरीचा पॅड आणि जाड कंपाऊंडनीच (जास्त घासणारी पेस्ट) सुरुवात. वूल पॅड वाईट नाही, फोमपेक्षा जोरात कापतो आणि थंड पण चालतो, पण रोटरी मशीनला (जे एकाच जागी नुसतं गोल फिरतं) लावून फिरवला की मागे होलोग्राम, म्हणजे उजेडात दिसणारे फिरकीचे पट्टे, सोडतो आणि ते पुढे फोमनी काढायचे असतात. ती दुसरी पायरी खाल्ली की काम अर्ध्या वेळात आटोपतं आणि भाव पण कमी सांगता येतो.

गेल्या दिवाळीनंतर एक काळी सेडान आली होती, कुठेतरी ऑफरमध्ये रबिंग-पॉलिश करून घेतलेली. सावलीत आरसा दिसत होती. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारून पुसली, पॉलिशमधलं तेल निघालं आणि टॉर्च धरल्यावर छतभर होलोग्राम, ते एक वेळ निघतात. पण बोनेटच्या घडीवर, जिथे पत्रा वळतो, तिथे बोटभर लांबीची राखाडी रेघ होती. तो प्राइमर, म्हणजे रंगाखालचा थर. कडेला रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्या एका रेघेवर येतो, म्हणून तिथे आधी मास्किंग टेप लावतात. त्या रेघेवर आता कुठलाच पॅड चालत नाही, बोनेट पेंटच करावं लागतं.

घरी करणाऱ्यांनी रोटरीच्या नादी लागू नये, डीए (ड्युअल ॲक्शन) मशीन घ्यावं, ते गोल फिरता फिरता हलतं पण, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. पॅड बॅकिंग प्लेटपेक्षा (मशीनची ज्याला पॅड चिकटतो ती चकती) किंचित मोठा हवा, पाच इंची प्लेटला साडेपाचचा, नाहीतर प्लेटची कड रंगाला लागते. पिलर, आरसे आणि बंपरच्या कोपऱ्यांना तीन इंची. प्लेटच्या कडेला मार्करनी एक रेघ मारून ठेवा, रेघ फिरताना दिसली तर ठीक, फिरायची थांबली म्हणजे तुम्ही फार दाबताय, तेव्हा पॅड नुसता जागेवर थरथरतो, कापत काहीच नाही.

आणि एका पॅडवर अख्खी गाडी, हे तर बंदच करा. दर पॅनलनंतर ब्रश मारा नाहीतर कॉम्प्रेसरची हवा, किती पांढरी पावडर उडते बघा, ते सगळं घासलेलं क्लिअर आणि सुकलेलं पॉलिश. भरलेल्या पॅडनी पॉलिश करणं म्हणजे चिखलानी भरलेल्या पायपुसण्याला पाय पुसणं, वर तो तापतो, मधून फोम मऊ पडतो आणि व्हेल्क्रो सुटून पॅड उडतो ते वेगळंच. एका गाडीला प्रत्येक प्रकारचे तीन-चार पॅड तरी हाताशी हवेत, बजेट कमी असेल तर मशीन हलकं घ्या पण पॅड जास्त घ्या असं मी तरी सांगेन.

तर विनंती एवढीच की तो तक्ता परत छापा, रंगांच्या वर कंपनीचं नाव टाकून. जागा कमी असेल तर दर पॅनलनंतर पॅड साफ करायची एक ओळ टाका आणि रंगांचा तक्ता काढूनच टाका.

आपला,
एक डिटेलिंगवाला,
सातपूर, नाशिक